नगरच्या मटणाचा पास्ता सॉस

पास्त्यासाठी मटणाचा सॉस करायचा म्हटलं, की नगरकडच्या घरात हात आपोआप काळ्या मसाल्याच्या डब्याकडे जातो. भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचं वाटण, त्यावर मसाला, त्यात खिमा, आणि तो शिजला की उकडलेल्या पास्त्यावर घालायचा. असा खिमा चवीला वाईट लागत नाही, पण तो शेवटी भाकरीबरोबरचा खिमाच राहतो. पास्त्याची चव मुळात सौम्य. गव्हाची, किंचित गोडसर. काळ्या मसाल्यापुढे ती टिकत नाही आणि मटणाची स्वतःची चवही मागे पडते. पास्त्यावरच्या मांसाच्या सॉसची रीत वेगळी आहे. मांस, कांदा आणि टोमॅटो यांच्या अंगात जे आहे तेच विस्तवावर आटवून, परतून, गाढ करत न्यायचं असतं. बाहेरून घालायचं फार थोडं.

यासाठी लागणारं बहुतेक सगळं आपल्या जिल्ह्यात पिकतं किंवा चरतं. संगमनेरी बोकड, पठारावरची दख्खनी मेंढी, चाळीतला गावरान कांदा, अकोले-संगमनेर पट्ट्यातला टोमॅटो. पास्त्याच्या जातीच्या गव्हावर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या केंद्रात वर्षानुवर्षं काम झालेलं आहे. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं असलं, तरी बाजारात, एसटीत आणि स्वयंपाकघरात अजून ‘नगर’च चालतं, म्हणून मीही इथे तेच वापरतो.

मटणाचा सॉस म्हणजे गोमांसाच्या जागी केलेली तडजोड, असा एक समज आहे. तो समज ‘बोलोनीझ’ या नावामुळे झाला. बोलोन्या हे उत्तर इटलीतलं शहर, आणि तिथला मांसाचा सॉस म्हणजे ‘रागू’. पेल्लेग्रिनो आर्तुझी यांच्या १८९१च्या प्रसिद्ध पाकपुस्तकात बोलोन्याच्या पद्धतीच्या मॅकरोनीची जी कृती आहे, तिच्यात वासराचं मांस, लोणी, कांदा, गाजर, सेलरी आणि रस्सा आहे, टोमॅटो नाही. पुढे १९८२मध्ये इटालियन पाककला अकादमीने बोलोन्याच्या व्यापार मंडळात या रागूची अधिकृत कृती नोंदवली आणि २०२३मध्ये ती सुधारली. १९८२च्या नोंदीत ३०० ग्रॅम गोमांस, डुकराची चरबीदार पट्टी, थोडी वाइन, दूध आणि जेमतेम पाच चमचे टोमॅटो सॉस आहे. म्हणजे जिथून हे नाव आलं, तिथेही टोमॅटो हा मांसाला सांभाळून घेण्यापुरताच. लालभडक, पातळ, आंबटगोड रस्सा ही पुढे जगभरच्या हॉटेलांनी लावलेली सवय.

पण इटली म्हणजे काही एकटं बोलोन्या नव्हे. ॲड्रियाटिक समुद्र आणि आपेनाइन डोंगर यांच्यामध्ये आब्रुझ्झो नावाचा प्रदेश आहे. तो मेंढपाळांचा मुलूख. तिथले मेंढपाळ थंडी जवळ आली की कळप घेऊन डोंगरावरून खाली पुलियाच्या मैदानात उतरत आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत वर जात. या वाटा शतकानुशतकं ठरलेल्या होत्या. त्यांना ‘त्रात्तुरो’ म्हणतात. भूमध्य सागराभोवतीच्या आणि आल्प्समधल्या या कळपांच्या हंगामी ये-जा करण्याला युनेस्कोने २०१९मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. आब्रुझ्झोत लाकडी चौकटीवर तारा ताणतात, त्यावर कणकेची पोळी ठेवून लाटणं फिरवतात आणि तिचे चौकोनी कडांचे लांब धागे पाडतात. या पास्त्यावर जो सॉस घालतात तो कोकराच्या मटणाचा. त्यात लाल मिरचीही असते.

हे वाचताना पारनेर तालुक्यातल्या ढवळपुरीचे धनगर डोळ्यांपुढे आल्याशिवाय राहत नाहीत. पाऊस सरला की घोडी, बिऱ्हाड आणि मेंढरं घेऊन ते घाट उतरून कोकणाच्या बाजूला जातात आणि पुढच्या पावसाच्या आत पठारावर परततात. तिकडे भातकापणी झालेल्या खाचरांत मेंढरं बसवली की शेताला खत मिळतं आणि मेंढपाळाला धान्य किंवा पैसे. दोन्ही मुलखांत चाऱ्यासाठी खाली उतरणं आहे आणि ताटात मेंढीचं मटण आहे. तेव्हा नगरमध्ये मटणाचा सॉस करणाऱ्याने बोलोन्याकडे पाहून संकोच करायचं काही कारण नाही. त्याचं नातं आब्रुझ्झोशी जास्त जवळचं आहे.

आता मटण घ्यायला जाऊ. नगर-पुणे पट्ट्यात मटणाच्या दुकानावर दोन प्रकारच्या पाट्या दिसतात. एक साधी, बोकडाच्या मटणाची. दुसरी ‘बोल्हाईचे मटण’. पुणे जिल्ह्यात हवेली तालुक्यातल्या वाडेबोल्हाईची देवी ज्यांच्या घरात मानली जाते, त्यांना बोकड-शेळीचं मटण वर्ज्य. ते मेंढीचंच खातात. म्हणून ही दुकानं वेगळी, त्यांचे सुरे आणि ठोकळे वेगळे. सॉस करणाऱ्याच्या दृष्टीने या दोन मटणांत मोठा फरक आहे.

बोकडाचं मटण कमी चरबीचं असतं. आपल्या जिल्ह्यातल्या संगमनेरचं नाव लागलेली जात संगमनेरी. नगर, नाशिक आणि पुणे या जिल्ह्यांत तिचा मूळ वावर. दूध आणि मटण दोन्हींसाठी पाळतात. आणि राहुरीच्या विद्यापीठात या जातीच्या सुधारणेचा प्रकल्प आहे. या मटणाचा सॉस स्वच्छ चवीचा होतो, पण चरबी कमी असल्याने खिमा कोरडा, रवाळ पडायची भीती असते. मेंढीच्या मटणात चरबी जास्त. तिचा तो ओळखू येणारा वास बहुतांशी चरबीतच असतो, आणि ती चरबी गार झाली की लवकर थिजते. जेवताना ओठांना चिकटते ती हीच. म्हणून बोल्हाईच्या मटणाचा सॉस केला तर वर आलेली चरबी डावाने अर्धी काढून टाकावी आणि ताटं गरम असतानाच वाढावं. बोकडाचा केला तर खाटकाला अर्धा किलोत पन्नास-साठ ग्रॅम चरबी मुद्दाम घालायला सांगावी. दोन्ही सॉस मी आवडीने खातो, पण पहिल्यांदा करणाऱ्याने बोकडाचं घ्यावं, ते सांभाळायला सोपं.

मटण कुठल्या भागाचं, हे त्याहून महत्त्वाचं. खिमा म्हटलं की बरेचजण मांडीचं मागतात, कारण ते बिनहाडाचं, स्वच्छ, महाग. सॉसला मात्र खांद्याचं आणि मानेचं चांगलं. चालताना, चरताना, मान वर-खाली करताना हे भाग सतत राबतात. त्यांत स्नायूंना बांधून ठेवणारे पांढरे पडदे आणि तंतू जास्त असतात. हे तंतू कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे. साधारण ७० अंशांच्या पुढे, ओलाव्यात, सावकाश तापत राहिले की ते विरघळून जिलेटिन होतं. पायांच्या सूपाला जो चिकट दाटपणा येतो तो याच जिलेटिनचा. सॉसमध्ये ते उतरलं की कॉर्नफ्लॉवर, मैदा, काजूवाटण, काही लागत नाही. सॉस आपोआप पास्त्याला लपेटून बसतो. मांडीच्या मांसात हे तंतू कमी, म्हणून त्याचा खिमा दोन तास शिजवला तरी दाटपणा येत नाही, उलट मांस चोथा होत जातं.

खिमा शक्यतो हाताने तोडलेला घ्या. मोठ्या ठोकळ्यावर दोन सुऱ्यांनी खाटीक जो खिमा तोडतो, त्यात प्रत्येक कण कापलेला असतो. यंत्रात तो चेंगरला जातो, चरबी मांसाला फासली जाते आणि सगळ्याचा लगदा होतो. यंत्राशिवाय पर्याय नसेल तर जाड जाळी लावायला आणि एकदाच फिरवायला सांगावं. आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते: खिमा घरी आणून पाण्याखाली धुऊ नका. धुवायचं असेल तर अख्खं मटण धुवा, निथळू द्या आणि मग त्याचा खिमा करून घ्या. खिमा धुतला की त्यातला रस वाहून जातो आणि कणाकणात पाणी शिरतं. हे पाणी पुढे कढईत जो त्रास देतं, त्याचं येईलच. खिम्याला तुकड्यांपेक्षा हवा आणि हात कितीतरी जास्त लागलेले असतात, म्हणून तो लवकर खराब होतो. आणला त्याच दिवशी शिजवावा.

चार-पाच जणांसाठी अर्धा किलो खिमा पुरतो. त्याला दोन मध्यम कांदे, एक गाजर, चार-पाच पिकलेले टोमॅटो म्हणजे साधारण ४०० ग्रॅम, लसणाच्या तीन पाकळ्या, अर्धी वाटी दूध, एक तमालपत्र, तीन टेबलचमचे तेल, मीठ, मिरी आणि चिमूटभर जायफळ. इटलीत कांदा-गाजराच्या जोडीला सेलरी असते. आपल्याकडे मंडईत ती दर वेळी मिळेलच असं नाही. तिच्याऐवजी मी कोथिंबिरीचे कोवळे देठ बारीक चिरून घालतो; पानं नाही, फक्त देठ. लसूण बोलोन्याच्या नोंदीत नाही, पण बोकडाच्या मटणाला तो हवाच. एक सुकी लाल मिरची अख्खी तेलात टाकून नंतर काढून घेतली तर आब्रुझ्झोच्या रीतीला धरूनच होईल. धणे-जिरे, गरम मसाला, कांदा-लसूण मसाला, येसर यांतलं काही नको.

कांदा शक्यतो गावरान, म्हणजे उन्हाळी घ्यावा. नेप्तीच्या किंवा घोडेगावच्या बाजारात लाल आणि गावरान कांद्याचे भाव वेगळे पुकारले जातात ते उगाच नाही. लाल कांद्यात पाणी जास्त, तो टिकत नाही. गावरान कांदा घट्ट, चाळीत महिनोन्‌महिने राहतो आणि परतल्यावर त्याला गोडी चांगली येते. कांदा, गाजर आणि देठ अगदी बारीक चिरा, जोंधळ्याच्या दाण्याएवढे. मिक्सरमध्ये फिरवले तर त्यांचं पाणी सुटतं आणि ते परतण्याऐवजी उकडतात. तेलात ते मंद आचेवर, चिमूटभर मीठ घालून, पंधरा मिनिटं परतायचे. मिठाने पाणी सुटतं, त्यामुळे कांदा करपत नाही, मऊ पडत जातो. इथे तो रश्शासाठी करतो तसा तपकिरी करायचा नाही. कडा पारदर्शक झाल्या आणि गाजर चमच्याने दाबलं की मोडायला लागलं, एवढं पुरे. हे सगळं टोमॅटो पडायच्या आधीच व्हायला हवं, कारण भाज्यांच्या पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन आंबट पाण्यात सहजी सुटत नाही. टोमॅटोत पडलेला कच्चा गाजराचा तुकडा तासभर शिजूनही दाताखाली कचकन लागतो.

भाजी काढून बाजूला ठेवा. आता खिमा, आणि सॉसचं खरं काम.

कढई रुंद आणि जाड बुडाची हवी. लोखंडी असेल तर उत्तम. ती चांगली तापू द्या, तेल घाला आणि खिमा दोन भागांत टाका. सगळा एकदम टाकला तर कढई गार होते. टाकल्यावर दोन-तीन मिनिटं हात लावू नका. मांसात सत्तर टक्क्यांच्या वर पाणी असतं, ते आता बाहेर यायला लागतं. खिमा राखाडी होतो, गोळे बांधतो, आणि कढईत मळकट पाणी साचून रटरट आवाज सुरू होतो. उलथण्याच्या कडेने गोळे फोडत राहायचं. इथेच बहुतेक घरांत घाई होते. खिमा राखाडी झाला म्हणजे परतला असं समजून टोमॅटो ओतला जातो. प्रत्यक्षात तो अजून फक्त उकडलेला असतो.

पाणी आहे तोवर कढईतल्या खिम्याचं तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या वर जात नाही. नगर शहर समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे आपल्याकडे पाणी १०० नव्हे, ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. मांस भाजल्याचा जो खमंग वास आणि तपकिरी रंग येतो, त्याला मात्र १४० अंशांच्या आसपासची उष्णता लागते. मांसातली अमिनो आम्लं आणि साखर यांचा त्या उष्णतेला संयोग होऊन शेकडो नवी चवदार द्रव्यं तयार होतात. लुई-कामी मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२मध्ये या क्रियेचं वर्णन केलं, म्हणून तिला मायार अभिक्रिया म्हणतात. भाकरीवर पडणारे तपकिरी डाग, भाजलेल्या शेंगदाण्याचा वास, कॉफीचा रंग, सगळीकडे हीच क्रिया. पाणी पूर्ण उडाल्याशिवाय ती सुरू होत नाही. धुतलेल्या खिम्याचा त्रास तो हाच: त्याचं पाणी उडता उडत नाही आणि तोवर मांस चिवट होऊन बसतं.

ही वेळ ओळखायला थर्मामीटर लागत नाही, कान पुरतो. आठ-दहा मिनिटांनी रटरट कमी होते. मग काही क्षण कढई जवळजवळ गप्प होते, आणि एकदम बारीक, कोरडी चरचर सुरू होते. पाणी संपलं, आता चरबी बोलते आहे. आपल्या आया-आज्या ज्याला तेल सुटणं म्हणतात ते हेच. पाणी असेपर्यंत चरबी त्यात थेंबाथेंबाने विखुरलेली असते, म्हणून दिसत नाही. पाणी उडालं की ती एकत्र येऊन कडेला चकाकते. मटण परतताना ‘तेल सुटेपर्यंत’ थांबायची शिस्त नगरच्या चुलीवर पिढ्यान्‌पिढ्या आहे. खिमा सॉससाठी परततानाही तीच शिस्त पाळायची, फक्त आणखी पाच-सात मिनिटं पुढे न्यायची. दाणे तपकिरी होऊ द्यायचे, कढईच्या तळाला खरवड धरू द्यायची. ती काळी व्हायला लागली तर आच कमी करा, पण तपकिरी असेपर्यंत घाबरू नका. त्या खरवडीतच सॉसची अर्धी चव असते. दोन-तीन चमचे पाणी शिंपडून ती लाकडी उलथण्याने खरडून घ्या. ती पाण्यात सुटते आणि खिम्याला गडद रंग येतो. इटलीत इथे वाइन घालतात. काम तेच, खरवड सोडवण्याचं आणि थोडा आंबटपणा देण्याचं. आंबटपणा आपल्याला टोमॅटोतून मिळणारच आहे, त्यामुळे पाण्याने काही अडत नाही.

मग परतलेली भाजी खिम्यात घाला, लसूण ठेचून टाका, आणि दूध ओता. दूध आणि मटण एकत्र नको, असं अनेक घरांत मानतात. त्यांनी हा टप्पा सोडून द्यावा, सॉस तरीही होतो. पण ज्यांना चालतं त्यांनी जरूर घालून पाहावं. दूध टोमॅटोच्या आधी घालायचं, म्हणजे ते आंबट रसात पडून फाटत नाही. मंद आचेवर ते आटेपर्यंत हलवत राहायचं. दुधातली प्रथिनं आणि मेद खिम्याच्या कणांना लागून बसतात, टोमॅटोचा आंबटपणा बोथट होतो, आणि बोकडाचा खिमा जो खरखरीत लागण्याची भीती असते ती बरीच कमी होते.

टोमॅटोविषयी थोडं सविस्तर लिहायला हवं. दक्षिण अमेरिकेतलं हे फळ सोळाव्या शतकात युरोपात पोचलं, पण इटलीत टोमॅटोच्या सॉसची कृती छापून आली ती सतराव्या शतकाच्या शेवटी, नेपल्समधल्या अंतोनियो लातिनी यांच्या पुस्तकात. भारतात ते पोर्तुगीजांबरोबर आलं. आज अकोले, संगमनेर आणि शेजारच्या जुन्नरपर्यंतचा पट्टा महाराष्ट्राच्या टोमॅटोचं आगर आहे. बाजारात येणारा बहुतेक माल संकरित, जाड सालीचा, लांबच्या प्रवासाला टिकणारा असतो. तो अर्धा कच्चा तोडलेला असतो, म्हणून घरी आणल्यावर दोन-तीन दिवस टोपलीत, फ्रिजबाहेर, पूर्ण लाल होऊ द्यावा. थंडीत टोमॅटोचा वास मरतो. राहुरीच्या विद्यापीठाने काढलेल्या वाणांपैकी ‘भाग्यश्री’ हा गरदार, कमी बियांचा, लाल रंगद्रव्य जास्त असलेला वाण प्रक्रियेसाठी चांगला मानतात. तसा टोमॅटो कुणा शेतकऱ्याकडे मिळाला तर सॉससाठी त्याच्यासारखा दुसरा नाही. ते लाल रंगद्रव्य म्हणजे लायकोपीन. ते तेलात विरघळतं, त्यामुळे तेलात शिजवलेल्या टोमॅटोतून ते शरीराला कच्च्यापेक्षा जास्त मिळतं.

साल काढायला पाणी उकळत बसायची गरज नाही. टोमॅटो आडवा कापा, कापलेली बाजू जाड किसणीवर ठेवा आणि तळव्याने दाबत किसा. गर खाली पडतो, साल पातळ कागदासारखी हातात उरते. बिया आणि त्यांच्या भोवतीचा बुळबुळीत गर टाकू नका. टोमॅटोला मांसासारखी जी भरीव चव असते ती ग्लुटामेट या द्रव्याची, आणि ते बाहेरच्या मांसल भागापेक्षा बियांभोवतीच्या गरात जास्त असतं. मटणातली चव देणारी द्रव्यं आणि हे ग्लुटामेट एकत्र आली की दोघांची चव कितीतरी पटींनी वाढते. टोमॅटो आणि मांस यांची जोडी जगभर जमली ती यामुळे.

किसलेला टोमॅटो, तमालपत्र, मीठ आणि दीड-दोन वाट्या गरम पाणी खिम्यात घाला. घरात त्या दिवशी मटण शिजत असेल आणि अळणी पाणी काढून ठेवलेलं असेल तर साध्या पाण्याऐवजी तेच घाला. सॉसला त्याहून चांगली गोष्ट मिळायची नाही. हळद घातलेलं अळणी असलं तरी चालेल, रंग थोडा बदलतो एवढंच. एक उकळी आली की गॅस अगदी बारीक करायचा, झाकण तिरकं ठेवायचं आणि दीड ते दोन तास सोडून द्यायचं. पृष्ठभागावर अधूनमधून एखादा बुडबुडा फुटावा, एवढीच आच. जोरात उकळलं तर मांसाचे तंतू आकसून पाणी बाहेर टाकतात. दर वीस मिनिटांनी तळ ढवळा. आटलं तर अर्धी वाटी पाणी घाला.

रोजच्या धावपळीत दोन तास कुणाला मिळतात, हा प्रश्न रास्त आहे. कुकर वापरा. कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या जवळ जातं, त्यामुळे कोलॅजन लवकर विरघळतं. परतण्याची सगळी कामं उघड्या कुकरमध्ये नीट करून, पाणी एक वाटीच घालून, मंद आचेवर वीस मिनिटं ठेवा. वाफ आपोआप जिरू द्या. नंतर झाकण काढून दहा-पंधरा मिनिटं आटवायला मात्र विसरू नका, कारण बंद भांड्यात पाणी उडत नाही आणि टोमॅटोत चौऱ्याण्णव-पंचाण्णव टक्के पाणीच असतं. सॉस झाला हे ओळखायचं कसं? लाकडी चमच्याने कढईच्या तळावर रेघ ओढा. रेघ दोन क्षण उघडी राहिली आणि मग दोन्ही बाजूंनी सॉस सावकाश मिटला, तर झाला. लगेच मिटला तर अजून पाणी आहे. शेवटी ताजी कुटलेली मिरी आणि जायफळ. जायफळ आर्तुझींच्या कृतीतही आहे, आणि आपल्या घरात ते पुरणपोळीसाठी असतंच. फक्त चिमूट, वास जाणवेल न जाणवेल इतकं.

पास्ता घेताना पाकिटावर ड्युरम गव्हाचा रवा लिहिलेला पाहून घ्या. ड्युरम म्हणजे आपला बन्सी गहू: कडक, पिवळसर, चिवट प्रथिनांचा. शेवयांसाठी जुन्या बायका बन्सीच शोधतात ते याच गुणामुळे. त्याचा पदार्थ उकळत्या पाण्यात विरघळून जात नाही. राहुरीच्या विद्यापीठाच्या निफाड इथल्या गहू संशोधन केंद्राने जिरायती शेतीसाठी काढलेला ‘पंचवटी’ हा वाण याच जातीचा. मैद्याचा स्वस्त पास्ता शिजताना पाणी पांढरंधोप करतो आणि सॉस घातला की मोडतो. आकार निवडताना बारीक गोल स्पॅगेटी टाळा, तिच्यावरून खिमा घसरून ताटात तळाला जातो. पोकळ नळ्या, म्हणजे पेन्ने किंवा रिगातोनी, खिमा पोटात धरतात. बोलोन्यात रागूबरोबर ताल्यातेल्ले नावाच्या चपट्या पट्ट्याच खातात. शिजल्यावर पट्टीची रुंदी आठ मिलिमीटर असावी, अशी नोंद तिथल्या व्यापार मंडळात १९७२मध्ये झाली आहे. या पट्ट्या घरी करता येतात. १०० ग्रॅम मैद्याला एक अंडं, घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवा, पातळ लाटा, पीठ भुरभुरवून गुंडाळी करा आणि कापा. चकोल्या लाटणाऱ्या हाताला हे अवघड नाही.

माणशी ८० ते १०० ग्रॅम सुका पास्ता, आणि १०० ग्रॅमला एक लिटर पाणी. लिटरला दीड चहाचा चमचा मीठ, कारण पास्त्याला आतून मीठ लागण्याची ही एकच संधी असते. पाणी खळखळून उकळल्यावरच पास्ता टाका. ९८ अंशांच्या पाण्यात पाकिटावरच्या वेळेपेक्षा मिनिटभर जास्त लागू शकतो, तेव्हा घड्याळावर न जाता एक तुकडा चावून बघा. मध्ये पांढरा ठिपका जेमतेम उरला असताना पास्ता काढायचा. त्याआधी त्याचं एक वाटी पाणी बाजूला ठेवा. त्यात पिष्ट उतरलेलं असतं, आणि तेच सॉसमधली चरबी आणि पाणी एकमेकांत मिळवून ठेवतं. निथळलेला पास्ता थंड पाण्याखाली धरू नका, तेल लावून ठेवू नका. थेट सॉसच्या कढईत टाका, राखलेलं पाणी थोडं थोडं घालत मोठ्या आचेवर मिनिटभर हलवा. सॉस पास्त्यावर ओतलेला आणि सॉसमध्ये पास्ता घोळलेला, यांत फार फरक पडतो. ताटात पास्ता जास्त आणि सॉस त्याला लागलेला असावा, रस्सा साचलेला नको. वरून चीज किसायचं असेल तर कोरडं, जुनं, खारट चीज चिमूटभर घाला. मऊ प्रक्रिया केलेलं चीज वितळून सगळ्यावर चिकट थर करतं आणि दोन तासांचं काम त्याखाली झाकलं जातं.

हा सॉस एकदम किलोभराचा करून ठेवणं सोयीचं, कारण दुसऱ्या दिवशी तो आणखी मुरतो. झाला की पसरट भांड्यात ओतून लवकर गार करा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. उन्हाळ्यात त्याहूनही लवकर. फ्रिजमध्ये तीन दिवस, फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने चांगला राहतो. बोल्हाईच्या मटणाचा असेल तर गार झाल्यावर वर चरबीचा पांढरा थर येतो. हवा तेवढा तेव्हाच सहज उचलता येतो. टोमॅटोचे भाव पडून शेतकऱ्याला तोडणीची मजुरीही सुटेनाशी होते, त्या दिवसांत एखादं कॅरेट घेऊन सगळा टोमॅटो किसावा, निम्मा होईपर्यंत तेल-मिठात आटवावा आणि दोन-दोन वाट्यांच्या पिशव्या करून फ्रीझरमध्ये ठेवाव्यात. अर्धा किलो खिम्याला यातली एक वाटी पुरते, आणि मग वर घालायचं पाणी तेवढं वाढवावं लागतं.